गोलकीपर मारतीबाबा

ब्रदर मार्तीन यांच्यासमोर कुठलीही वस्तू जमिनीवर पडत नसे. मी दवाखान्यात रुजू झाले त्याच दिवशी हे पाहिलं. औषधांच्या फळीवरच्या बाटल्या लावताना माझं कोपर लागलं आणि आयोडीनची मोठी बाटली कडेवरून सुटली. ब्रदर माझ्याकडे अर्धवट पाठ करून एका म्हाताऱ्याला पुड्या कशा घ्यायच्या ते समजावत होते. त्यांचा डावा हात बाजूला गेला, बाटली त्यात बसली, ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि बोलणं न तोडता म्हाताऱ्याला म्हणाले, "दिसातनं तीन येळा. जेवल्यावर. उपाशीपोटी न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी नव्या शिस्टर. बसा. च्या घ्या."

उंच, हाडापेराने रुंद, डोक्यावर करडे केस आणि अंगात गुडघ्यापर्यंतचा खाकी झगा, असा तो गोरा माणूस माझ्यापेक्षा गावरान मराठी बोलत होता. मी पुण्यातल्या रास्ता पेठेतली. नर्सिंगचं शिक्षण संपवून मुळशीच्या धरणाकाठच्या मिशनच्या दवाखान्यात नोकरी धरली, तेव्हा घरात बराच आरडाओरडा झाला होता. बाटवतील, अशी आईला भीती होती. गावातही सुरुवातीला तीच कुजबुज होती. पण ब्रदर हे पाद्री नव्हते. मिशनमध्ये व्रत घेऊन राहणारे, हाताने काम करणारे साधे बंधू होते. प्रवचन त्यांनी कधी दिलं नाही. मलमपट्टी करायची, मिशनची जीप चालवायची, दवाखान्याची कौलं चाळायची, आणि पुण्याहून डॉक्टर येईपर्यंत पेशंट जिवंत ठेवायचा, ही त्यांची कामं.

मराठी ते इथल्याच माणसांकडून शिकले होते, म्हणून ती 'हाय' आणि 'न्हाई'ची मराठी होती. एक शब्द मात्र त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. चेंडूला ते 'चेंदू' म्हणत. गावाने त्यांच्या नावाचीही तीच गत केली. मार्तीनचं मारती झालं आणि मारतीबाबा हेच नाव कायम राहिलं. पुढे पुढे दवाखान्याची चिठ्ठीसुद्धा कोणी त्या नावाने मागितली तरी ते हुंकार देत.

त्यांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं ते टाके घालताना. बोटं एका दिशेला नव्हतीच. करंगळी बाहेर वळलेली, तिच्या शेजारचं बोट मधल्या पेरात वाकडं, डाव्या हाताचा अंगठा सांध्यातून सरकून पुन्हा भलत्याच जागी बसलेला. असल्या बोटांनी ते इतके बारीक टाके घालत की डॉक्टरही काही बोलत नसत. काही महिने गेल्यावर मी धीर करून विचारलं, "ब्रदर, ही बोटं कशानं अशी झाली?"

"चेंदूनं," ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी हात दिव्यासमोरच्या टेबलावर पसरला आणि करंगळीवर बोट ठेवलं. ती लहानपणची. उत्तर स्पेनमधल्या एका मासेमारीच्या बंदरात त्यांचं घर होतं. बाप होड्यांवरची जाळी सांधायचा. ओहोटी लागली की किनाऱ्यावर लांबरुंद, घट्ट वाळूचं मैदान उघडं पडायचं आणि गावातली पोरं तिथे फुटबॉल खेळायची. मार्तीन उंच म्हणून त्याला दोन काठ्यांच्या मध्ये उभं केलं. त्या काठ्यांमधून चेंडू जाऊ द्यायचा नाही, आणि सगळ्या खेळात हात वापरायची मुभा त्याला एकट्यालाच, एवढंच मला तेव्हा फुटबॉलमधलं कळलं. करंगळी तिथेच मोडली. भरती आली, खेळ थांबला आणि मग घरी जाऊन त्याने बापाला बोट दाखवलं.

वाकडं बोट शहरातलं. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना शहरातल्या मोठ्या क्लबाने त्याला नेलं. पण क्लबात आधीच एक नावाजलेला गोलकीपर होता. गोलकीपर एका वेळी एकच लागतो. त्यामुळे आठवडाभर सराव करायचा आणि रविवारी सामन्याला बाकावर बसायचं, अशी कित्येक वर्षं गेली. "लोक म्हनायचे, बिचारा," ब्रदर सांगत. "मी बिचारा न्हवतो. बाकावर बसून जेवडा खेळ कळतो तेवडा मैदानात न्हाई कळत." मग तो नावाजलेला गोलकीपर आजारी पडला आणि मार्तीन उभा राहिला. त्यानंतर जागा त्याचीच झाली. रस्त्यात लोक ओळखायला लागले, न्हावी पैसे घेईना. एकदा तर देशाच्या संघातही बोलावणं आलं. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही स्पेनकडून खेळलात?"

"न्हाई. स्पेनच्या बाकावर बसलो." आणि स्वतःच हसले. "पर बाक लई भारी व्हता."

अंगठ्याची गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. तिथे त्यांच्या देशात यादवी युद्ध झालं, खेळ बंद पडला, पुन्हा सुरू झाला, एक हंगाम खेळलो आणि सोडलं, एवढंच म्हणाले. हात उचलला आणि बाटल्या धुवायला गेले. मीही पुढे विचारलं नाही. दवाखान्यात कोणाला कुठे दुखतं हे त्याने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

मुळशीत फुटबॉल त्यांनीच आणला. धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं आणि काठाकाठाने गाळाची सपाट जमीन वर येते. ती एकेकाळची भातखाचरं. धरण झालं तेव्हा सगळी पाण्याखाली गेली. ब्रदरांनी पहिल्याच उन्हाळ्यात ती जमीन पाहिली आणि त्यांना आपल्या गावची ओहोटी आठवली. "आमच्याकडं दर्या रोज मैदान देतो आन् रोज काडून घेतो," ते म्हणत. "तुमच्याकडं वर्सातनं एकदा. पर मैदान झकास." पुण्याच्या लष्करी बाजारातून त्यांनी एक जुना चामडी चेंडू आणला, आणि गावातल्या तरण्या पोरांना घेऊन गाळात बांबू रोवायला गेले.

बांबू रोवून होतायत तोच आबा शिंदे काठी आपटत आले. सत्तरीचे असतील. "कुनाच्या वावरात खुटं ठोकताय?" पोरं हसली. ती जमीन धरणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ब्रदर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आबा, तुमचं वावर कुटनं कुटवर?" आबांनी काठी आपटणं थांबवलं. मग काठीने दाखवत चालायला लागले. गाळाखाली बांध नीट दिसतही नव्हता, पण ते अंदाजाने चालत गेले, एका जागी वळले, पुन्हा वळले आणि निघाले तिथे परत आले. "हे आमचं. ते पल्याड थोरल्या चुलत्याचं." ब्रदरांनी बांबू उपटले आणि बांध सोडून पलीकडे रोवले. त्यानंतर दर उन्हाळ्यात आबा स्वतः यायचे, वावराची हद्द दाखवायचे आणि बांबू कुठे रोवायचे ते सांगून बांधावर बसायचे. खेळ त्यांना कधी कळला नाही. वावरात माणसं वावरतायत, हेच त्यांना पुरत असावं.

पोरांना शिकवताना ब्रदर मैदानभर धावत, ओरडत, चुकलं की कपाळाला हात लावत. पण एक गोष्ट मी पहिल्या वर्षापासून पाहिली. बांबूंच्या मध्ये ते स्वतः कधीच उभे राहिले नाहीत. पोरं आग्रह करायची, "बाबा, तुमी ऱ्हावा की एकदा, आमी मारतो." ते मान हलवायचे. "माजं झालं राहून." तिथे उभं राहायला त्यांनी लखूला शोधलं होतं.

लखू हा कातकरी वाडीवरचा, विशीतला, धरणात मासे धरणारा. एकदा ब्रदर काठावर जीप धूत होते, तेव्हा लखूच्या जाळ्यातून सुटलेला मासा त्याने हवेतच, एका हाताने धरला. ओला, तडफडणारा मासा. ब्रदर जीप तशीच टाकून त्याच्याकडे गेले. गावातल्या पोरांना हे ऐकून जरा जड गेलं. कातकऱ्याबरोबर खेळायचं म्हणजे अंगाला अंग लागणार. दोन दिवस आपसात बोलणी झाली आणि मग त्यातला एक जण येऊन म्हणाला, "चालंल बाबा. गोलकीपर तसा बी लांबच उभा असतो."

हे ब्रदरांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सराव बदलला. आधी लखूने चेंडू हातात धरायचा, मग एकेकाच्या हातात द्यायचा, त्याने तो परत लखूच्या हातात द्यायचा. फेकायचा नाही, हातात द्यायचा. घागर एक आणि तांब्या एक. लखू पाणी प्यायला की त्याच तांब्याने ब्रदर प्यायचे आणि तांब्या पुढच्याच्या हातात द्यायचे. तहान सगळ्यांनाच लागलेली असे. पहिल्या आठवड्यात दोघं-तिघं न पिताच घरी गेले. पुढे तेही प्यायला लागले. गावात कोणी काही बोललं की नाही, मला माहीत नाही. ब्रदरांनी त्यावर भाषण केलं नाही एवढं खरं.

लखूला ते जे शिकवत ते मी बांधावर बसून ऐकत असे. "उडी मारली म्हंजी उशीर झाला," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. चांगला गोलकीपर आधीच योग्य जागी उभा असतो, त्याला उडी मारावीच लागत नाही. लोक टाळ्या वाजवतात त्या उडीला, पण त्या खरं तर त्याच्या चुकीला असतात, असं त्यांचं म्हणणं. हेच वाक्य ते दवाखान्यातही वापरत. वाडीवरची बाळंतीण अडली की झोळीतून आणेपर्यंत फार वेळ गेलेला असे. मग आम्ही दोघं धावपळ करायचो, आणि सगळं निभावलं तरी ते हात पुसत म्हणायचे, "उडी मारावी लागली, शिस्टर." पुढच्याच आठवड्यात जीप घेऊन वाड्या-वाड्यांवर पोटुशा बायका बघायला जायचा नेम त्यांनी सुरू केला. माझी निम्मी नोकरी त्या जीपमध्ये गेली.

एका उन्हाळ्यात पुण्याहून एका कारखान्याचा संघ खेळायला आला. त्यांच्या पायांत बूट, अंगात एकसारखे सदरे. आमची पोरं अनवाणी. खेळ बराच वेळ बरोबरीत राहिला तो लखूमुळे. शेवटी-शेवटी एक चेंडू त्याच्या हाताला लागून आत गेला आणि आम्ही हरलो. दहाही जण त्याच्यावर धावून गेले. एकाने आईवरून शिवी दिली. ब्रदर मध्ये जाऊन उभे राहिले. "चेंदू तुमा दहा जनांना चुकवून त्याच्याकडं आला," ते म्हणाले. "आदी एकमेकांना शिव्या द्या. त्या संपल्या की मंग याला." ज्याने शिवी दिली होती तोच थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या घेऊन लखूकडे गेला. आणि कारखान्याच्या माणसांनी लखूला तिथल्या तिथे नोकरी देऊ केली. त्यांना त्यांच्या संघासाठी असाच गोलकीपर हवा होता. लखूची आई महिनाभर रडली, पण तो गेला. पुण्यात त्याने पुष्कळ वर्षं गोल राखला.

त्यामुळे मुळशीचा गोल रिकामा झाला. पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. दुपारच्या वेळी दवाखान्याच्या दारात एक टॅक्सी थांबली. थेट मुंबईहून आलेली. आतून एक जाडसर, टक्कल पडलेला गोरा गृहस्थ उतरला. उन्हाने लाल झालेला, सदरा पाठीला चिकटलेला. ब्रदर व्हरांड्यात एका माणसाच्या पायाचं बँडेज सोडत होते. त्यांनी वर पाहिलं आणि खाली पाहिलं. बँडेज सोडून झालं, जखम धुऊन झाली, नवीन पट्टी बांधून झाली. तोवर तो गृहस्थ उन्हातच उभा होता. मग ब्रदर उठले आणि मला म्हणाले, "शिस्टर, हे रामोन. आमी संगं खेळायचो. यांना पानी द्या."

दुपारभर ते दोघे व्हरांड्यात बसले. बोलणं त्यांच्या भाषेत, मला एक शब्द कळत नव्हता. बोलत होता तो रामोनच. ब्रदर ऐकत होते. मध्येच तो पाहुणा रडायला लागला, अगदी हुंदके देऊन. पेशंट बायका पदर तोंडाला लावून बघायला लागल्या. ब्रदरांनी त्याच्या खांद्याला हात लावला नाही. ते उठून आत आले आणि धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुवायला लागले. त्यांच्या हातातून एक बाटली निसटली आणि फुटली. ती त्यांनी धरली नाही. काचा मी गोळा केल्या.

संध्याकाळी पोरं चेंडू मागायला आली. ब्रदरांनी चेंडू उचलला, व्हरांड्यात बसलेल्या रामोनला खुणेने चल म्हणाले, आणि आम्ही सगळे धरणाच्या गाळात उतरलो. तिथे त्यांनी झगा काढून आबांच्या शेजारी बांधावर ठेवला आणि बांबूंच्या मध्ये जाऊन उभे राहिले. पोरं बघतच राहिली. मग त्यांनी रामोनला समोरची जागा बोटाने दाखवली. गोलकीपरच्या बरोबर पुढे राहून त्याचं रक्षण करणारा तो फुलबॅक. रामोनने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि जागेवर गेला.

फुटबॉलमधलं मला फारसं कळत नव्हतं, पण त्या दिवशी जे पाहिलं ते कळायला फार काही लागत नव्हतं. पन्नाशीची दोन माणसं, एक जाडा, एक गुडघ्यांतून आखडलेला. ब्रदर मागून एक छोटासा शब्द ओरडायचे आणि रामोन न बघता बाजूला व्हायचा, की चेंडू ब्रदरांच्या छातीशी. दुसरा शब्द ओरडले की रामोन पाय घालायचा. एकमेकांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. आमच्या पोरांनी जीव तोडून मारले, पण त्या बांबूंमधून चेंडू गेला नाही. अंधुक व्हायला लागल्यावर पोरं दमून बसली. ते दोघेही गाळात बसले. ब्रदर काहीतरी बोलले. रामोनने मान हलवली, नाही म्हणून. ब्रदर पुन्हा तेच बोलले असावेत. मग रामोनने होकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच टॅक्सीने गेला.

त्या दिवशी दवाखाना आवरल्यावर ब्रदरांनी मला बसायला सांगितलं आणि न विचारता सगळं सांगितलं.

त्यांच्या क्लबात आंदेर नावाचा, पुढे राहून गोल मारणारा सेंटर फॉरवर्ड होता. सराव संपला की सगळे घरी जात, पण आंदेर आणि मार्तीन मागे राहत. आंदेर चेंडू मारी, मार्तीन अडवी. जिवाभावाचे मित्र. डावा अंगठा मोडला तो आंदेरच्याच चेंडूने. युद्ध आलं. दोघांनीही एकाच बाजूचं काम केलं, आणि ती बाजू हरली. शहर दुसऱ्या सैन्याच्या ताब्यात गेलं तेव्हा मार्तीन लांब कुठेतरी कैद्यांच्या छावणीत होता. इकडे शहरात क्लबाच्या फुटबॉल मैदानाचाच तुरुंग केलेला. एका गोलच्या मागे उंच भिंत होती. तिथे माणसांना उभं करून गोळ्या घालत. आंदेरला तिथेच मारलं. त्याचं नाव रामोनने सांगितलं, हे साऱ्या शहराला ठाऊक होतं.

"मंग युद्द संपलं," ब्रदर म्हणाले. "मला सोडलं. क्लबानं बलावलं. मैदान पुन्ना सुरू झालं. पोटाला पायजे म्हून गेलो. माज्या फुडं रामोन, माज्या मागं ती भिंत. गोलकीपरला गप राहून चालत न्हाई, शिस्टर. फुलबॅकला सारकं सांगावं लागतं, सोड, घे, मी आलो. वर्सभर मी त्याच्याशी तेवडंच बोललो. दुसरा सबूद न्हाई. वर्स संपलं आन् मी मिशनमदी आलो."

"आणि काल तो माफी मागायला आला होता?"

"व्हय. पर आनकी एक सांगाया आलता. त्याला पकडून नेलं तवा त्यांनी म्हनलं, क्लबातलं एक नाव दे, न्हायतर तुला गोळी घालतो. त्याला दोन नावं ठावं व्हती. आंदेरचं आन् माजं. माजं दिलं असतं तर छावनीतनं काडून मला आनलं असतं."

बाहेर कोणीतरी जनावरं हाकत चाललं होतं.

"मी इचारलं, मंग आंदेरचं का? तर त्यो म्हनला, मला म्हाईत न्हाई. तू माज्या मागं उभा असायचास, त्याची सवय व्हती. तेवडंच." ब्रदर आपल्या हाताकडे बघत होते. "तेवड्यावर मी हितं हाय, शिस्टर."

"तुम्ही माफ केलंत?"

"माफी माज्याजवळ न्हाईच. ती आंदेरच्या आईजवळ हाय. म्हातारी अजून जिती हाय. मी त्याला म्हनलं, तिच्याकडं जा. तिला समदं सांग, दोन नावांचं बी. त्यो म्हनला, ती तोंडावर थुकंल. मी म्हनलं, थुकंल. मंग पुसून घे. त्यो म्हनला, एकट्यानं पाय उचलत न्हाई. तवा म्हनलं, मी येतो."

मी विचारलं, इतकी वर्षं बांबूंच्या मध्ये उभे न राहणारे तुम्ही काल का उभे राहिलात. ते म्हणाले, "काल माज्या मागं भिंत न्हवती. पानी व्हतं."

मिशनमध्ये आल्यापासून ब्रदर एकदाही मायदेशी गेले नव्हते. त्यांनी वरिष्ठांकडे रजा मागितली, ती मिळाली. पावसाळा संपल्यावर ते मुंबईहून बोटीने गेले. निघताना त्यांच्या चेहऱ्यावर मायदेशी निघालेल्या माणसाचा आनंद नव्हता. मी त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "त्याला म्हातारीचं भ्याव हाय. मला बी हाय. तिचा ल्योक गेला तवा मी ऱ्हायलो, हे तिला आता कळंल." गावातल्या लोकांनी ते परत येणार नाहीत असं धरूनच त्यांना तांदूळ दिले. आबा शिंदे तर गाडीला हात लावून उभे राहिले आणि काही केल्या बाजूला होईनात.

पण ते परत आले. पुढच्या उन्हाळ्यात पाणी खाली जायला लागलं होतं तेव्हा आले, आणि नंतर मुळशीतच राहिले. त्यांचा शेवटही इथेच झाला, साठीच्या आत, थोड्याशा आजाराने. पुण्यातल्या दफनभूमीत न्यायचं ठरलं तेव्हा वाड्या-वाड्यांवरून इतकी माणसं आली की जीप पुढे सरकेना. लखू पुण्याहून कामावरच्या कपड्यांतच आला होता. ते सगळं मी पाहिलं. तरी ब्रदरांची आठवण निघाली की मला ते परत आल्यानंतरची दुपारच आठवते. पेशंट संपले होते. ते टेबलाशी कापसाचे बोळे करत बसले होते आणि मी विचारलं, "भेटली का म्हातारी?"

"भेटली," ते म्हणाले. बोळे करणं चालूच होतं. बंदराजवळच्या गल्लीत एका खोलीचं घर. म्हातारी दारात शेंगा सोलत बसलेली. नजर अधू झाली होती, पण मार्तीनला तिने आवाजावरून ओळखलं. रामोन उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. मग त्याने सगळं सांगितलं. दोन नावांचंही. म्हातारीचे हात शेंगांवर थांबले नाहीत. सांगून झाल्यावर ती उठून आत गेली. मार्तीनला वाटलं, आता दार लावणार. ती परत आली आणि मार्तीनचा हात धरून त्याला आत नेलं. टेबलाशी बसवलं आणि त्याच्यासमोर जेवण वाढलं.

"काही बोलली नाही?"

"म्हनली, जेव. लई वाळलायस." ब्रदरांनी डोळे पुसले नाहीत, पण बोळे करणं थांबलं. "मी जेवलो, शिस्टर. येक येक घास."

"आणि तो?"

"त्यो भाईरच. तिनं त्याच्याकडं बगितलं बी न्हाई. माजं जेवन झालं तवा तिनं येक खुर्ची उचलली आन् उंबऱ्याच्या भाईर ठिवली. आत न्हाई. भाईर. त्यो बसला. ती आत, त्यो भाईर. दिवेलागन झाली तरी कुनी काय बोललं न्हाई. मंग ती म्हनली, उद्या ये."

"आला?"

"मी हुतो तवर रोज येत व्हता."

"आणि खुर्ची?"

"भाईरच," ब्रदर म्हणाले.